डाव्या हाताचा मेनू

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

डाव्या हाताने लिहितोय. नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलंय. दंड भरून आला. बास.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काय लिहावं सुचेना म्हणून स्वतःचंच लिहितो. नाव आदिनाथ, वय एकोणचाळीस. शेवगावात बजरंगभाऊंच्या प्रेसमध्ये सोळा वर्षं डी.टी.पी. ऑपरेटर. ऑगस्टात गावाकडं गेलो होतो, भावाला मदत म्हणून कडबाकुट्टीवर, चारा कापायच्या मशीनवर, उभा राहिलो. उजव्या हाताची करंगळी राहिली. बाकीची चार बोटं गेली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बायकोने, पंकजाने, आज अर्धा चहा ओट्यावर सांडला. डाव्या हाताने गाळत होती. विचारलं तर म्हणाली, उजवा खांदा धरलाय. मी म्हणालो, आपण दोघं मिळून एक धड माणूस होऊ. ती हसली नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

बजरंगभाऊ घरी आले. चपला काढता काढताच बोलायला लागले, त्यांची सवयच आहे.

"आदिनाथ, तुळशीची लग्नं झाली. पत्रिकांची रांग लागलीय. घरात बसून काय करतो?"

"भाऊ, माउस कुठल्या हातानं धरू?"

"माउस नको धरू. काउंटरला बस. पार्टीशी बोल, मॅटर घे, प्रूफं वाच. शुद्धलेखनाला तुझ्याइतका पक्का मानूस शेवगावात न्हाई."

माझ्या मशीनवर कोण आहे, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. अश्विनी नावाची मुलगी, पाथर्डीहून येते. "चांगली हाय," म्हणाले आणि पंकजाकडं बघत राहिले. दया आली असणार माझी. जाईन. घरात बसून भिंत तरी किती बघायची?

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रेसमध्ये पहिला दिवस. अश्विनीचा हात चांगला चालतो. माझी खुर्ची तिने खाली करून घेतलीय.

जेवणानंतर ती म्हणाली, "दादा, मागच्या खोलीतलं जुनं मशीन रिकामंच असतं. बसून बघता का? तवर काउंटर मी बघते." मला हरवून दाखवायचं असेल तिला. बसलो. साधी एका घडीची पत्रिका. दोन तास चाळीस मिनिटं लागली. पूर्वी वीस मिनिटांत करायचो. शेवटी गणपती वाकडा बसला तो बसलाच. फाईल पुसून टाकली, कुणाला दाखवली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दोन दिवस एकच विचार करतोय. टाइप करायला एवढा वेळ जात नाही. वेळ जातो शोधाशोधीत. फोल्डर उघड, गणपती शोध, बॉर्डर शोध, फॉन्ट बदल. दर वेळी की-बोर्ड सोडून माउस धरायचा, माउस सोडून पुन्हा की-बोर्ड. दोन हात होते तेव्हा हे कधी जाणवलंही नाही.

आज फोनवर शोधता शोधता एक गोष्ट सापडली. फिंगरपोस्ट नावाचा प्रोग्राम आहे. एक बटण दाबलं की स्क्रीनच्या मधोमध मेनू उघडतो. एकदोन अक्षरं दाबली की हवं ते समोर. मेनूत काय काय असावं ते आपणच साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायचं. पैसे नाहीत. ओपन सोर्स आहे, म्हणजे देवस्थानाच्या महाप्रसादासारखं, फक्त इथं स्वयंपाकघराचं दारही उघडं. कशात काय घातलंय ते जाऊन बघा.

फिंगरपोस्ट म्हणजे रस्त्यावरची, हाताच्या बोटाने वाट दाखवणारी पाटी. नाव वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

माती केली.

प्रेसमध्ये नेट फक्त अश्विनीच्या मशीनला आहे. ती चहाला गेली तेव्हा बसलो, नाव टाकलं, पहिलंच जे आलं त्यावर गेलो. मोठं हिरवं बटण होतं. दाबलं. दोनदा काहीतरी विचारलं, दोन्ही वेळा होय म्हटलं. मेनूबिनू काही उघडला नाही. वाटलं, उद्या नीट बघू.

तीन वाजता स्क्रीनवर जाहिराती नाचायला लागल्या. चार वाजता पत्रिकांच्या फायलींची नावं आपोआप बदलली. एकही उघडेना. ऐन सराईत अकरा पत्रिका.

अश्विनी म्हणाली, "कुणी काही टाकलं का ह्यात?" मी म्हणालो, मी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मशीन पुसून नवं करावं लागलं. सोमवारपर्यंतच्या फायली अश्विनीच्या पेन ड्राइव्हवर होत्या, तेवढं वाचलं. पुढचं काम तिने पुन्हा केलं. शेवटची पाथर्डीची गाडी चुकली, भाऊ तिला मोटारसायकलवर सोडायला गेले. तिने मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊ एवढंच म्हणाले, "आदिनाथ, इथून पुढं मशीनला हात लावायचा न्हाई." आणि हात हा शब्द निघून गेल्यावर तेच प्रूफात डोकं घालून बसले. मी डबा उचलला आणि घरी आलो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काल गेलो नाही. आज गेलो नाही.

दुपारी प्रेसचा टेम्पो दारात. मागच्या खोलीतलं जुनं मशीन उतरवलं. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊंनी सांगितलंय, भंगारात द्यायचं हुतं, जागा अडवतंय, म्हणून तुमच्याकडं टाकलं." भंगार भंगाराकडं पाठवलं, असंच वाटलं. की-बोर्ड मात्र कोरा निघाला, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. चुकून आला असणार. परत करायला हवा.

पंकजा म्हणाली, "आधी वापरा, मग करा परत."

रविवार, २३ नोव्हेंबर

हा प्रोग्राम करणारी बाई आहे. इंगा नाव, एस्टोनियात राहते. नकाशात बघितलं, पार रशियाच्या कडेला. तिच्या पानावर प्रश्न विचारायची जागा आहे. फोनमधून भाषांतर करून राग राग लिहिलं, की तुमच्या प्रोग्राममुळे आमच्या प्रेसच्या अकरा पत्रिका गेल्या.

तासाभरात उत्तर. तीन ओळी. "ते माझं नव्हतं. माझी फाईल फक्त या पत्त्यावर असते. उघडण्याआधी पडताळून बघ, कसं ते इथं लिहिलं आहे."

वाईट वाटलं, एवढाही शब्द नाही. तुसडी बाई दिसते. संध्याकाळी पुन्हा पान उघडलं तर सगळ्यात वर लाल अक्षरात नवी ओळ होती: खोट्या पानांपासून सावध, त्यांनी एका माणसाचं काम बुडवलं आहे. सकाळी ती ओळ नव्हती. आणखी कुणाला फसवलं असेल बहुतेक.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पडताळणीचं पान चार वेळा वाचलं. आता कळलं.

प्रत्येक फाईलमधून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढता येते. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ, एवढीच अक्षरं. फाईलमधला एक ठिपका जरी इकडचा तिकडं झाला तरी अख्खी ओळ बदलते. इंगाने आपल्या फाईलची ओळ पानावर छापलीय. आपण आपल्याकडं उतरवलेल्या फाईलची ओळ काढायची आणि शेजारी ठेवून जुळवायची. बास.

म्हणजे प्रूफ वाचणंच झालं की! एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवायचं. हे तर मला सोळा वर्षं येतंय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मोबाईलचं नेट मशीनला जोडलं. फाईल उतरवली. या वेळी उघडली नाही. काळी खिडकी उघडून पानावरची आज्ञा एकेक अक्षर टाइप केली. ओळ आली. इंगाच्या पानावरची ओळ पंकजाच्या हातात, फोनवर.

"वाच."

"चार."

"नऊ आहे. नीट वाच."

"नीटच वाचतीय. चार. मग ए, ए, सात."

माझ्याकडं नऊ, शून्य, डी. पहिल्या अक्षरालाच काडीमोड. एकदम लक्षात आलं. मशीनवर मी पत्ता टाकलाच नव्हता. सवयीने नाव शोधलं, वर आलेलं दाबलं. पुन्हा तेच हिरवं बटण! आठ दिवसांत तोच चोर दुसऱ्यांदा दारात आला होता, आणि मीच त्याला आत बोलावत होतो. न उघडता पुसून टाकली.

पंकजा म्हणाली, "म्हंजी ही वळ म्हंजी राखणीचं कुत्रं झालं. वळखीचं नसलं की भुंकतंय."

आज काही मिळवलं नाही. तरी हरल्यासारखं वाटत नाहीये. चोर बाहेरच राहिला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

जुळलं!

पत्ता अक्षर न् अक्षर हाताने टाकला. फाईल उतरायला नऊ मिनिटं लागली. मग पंकजा वाचायला बसली, चारचार अक्षरांचे घास करून. चार, ए, ए, सात. आहे. बी, शून्य, तीन, तीन. आहे. मध्ये तिने एकदा एफ आठ वाचलं, मी आठ एफ म्हणालो, परत वाचायला लावलं. तिचीच नजर चुकली होती. साठ झाल्यावर ती थांबली.

"का थांबलीस?"

"दम घेऊ द्या की. शेवटचे चार हायेत. एफ, दोन, दोन, ई."

एफ, दोन, दोन, ई.

मग कुकरची आठवण झाली. डाळ करपली होती. तीच खाल्ली, चवीने खाल्ली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

लगेच उघडणार नाही. पोळलोय. ओळ जुळली म्हणजे फाईल वाटेत बदललेली नाही. पण ते पानच इंगाचं कशावरून? त्यासाठी सही असते. फाईलसोबत तिची संगणकी सही येते, ती वेगळ्या प्रोग्रामने तपासायची. सकाळभर तेच केलं. शेवटी मशीनने सांगितलं: सही बरोबर. आणि त्याखाली मोठा इशारा, या सहीवर विश्वास ठेवायला पुरावा नाही.

इंगाला लिहिलं.

तिचं उत्तर: "सही माझीच आहे. इशाऱ्याचा अर्थ एवढाच की तुझा संगणक मला ओळखत नाही. खरं आहे. आपली भेट कधी झालेली नाही."

मोठ्याने हसलो. पंकजा बाहेरून धावत आली, काय झालं म्हणून. ऑगस्टानंतर मी असा हसलोच नव्हतो, असं तिचं म्हणणं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज उघडला. मेनू कुठल्या बटणाने उघडायचा ते पहिल्यांदा विचारतो. डावा हात तर टायपिंगला लागणार. मग कुठलं? बराच वेळ की-बोर्ड बघत बसलो. उजव्या टोकाला, आकड्यांच्या बाजूला प्लसचं उंच बटण असतं. उजवा हात टेबलावर ठेवला, करंगळी बरोबर त्याच्यावर आली.

टक्. स्क्रीनच्या मधोमध मेनू.

टक्. गेला. टक्. आला. वीसेक वेळा केलं असेल. साडेतीन महिन्यांनी माझा उजवा हात कामावर आला.

मंगळवार, २ डिसेंबर

मेनूची फाईल लिहायला घेतली. पहिल्यांदा मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसले. फॉन्टचं नाव बदलल्यावर अक्षरं आली. मग अख्खा मेनूच कोरा झाला. दीड तास शोधत होतो, चौदाव्या ओळीत स्वल्पविराम राहिला होता. माझ्या हातून, स्वल्पविराम!

आता वरच्या पातळीवर लग्न, साखरपुडा, वास्तुशांती, जावळ, दशक्रिया. लग्नाच्या आत गणपती, बॉर्डरी, मजकूर. मजकुरात सगळी ठेवणीतली वाक्यं. एक अक्षर दाबलं की "आमचे येथे श्रीकृपेकरून" पुरं होऊन पडतं. दुसरं दाबलं की "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" मावशीच्या जागी आत्या, काका, मामा वेगळे ठेवलेत.

पंकजाने बसून बघितलं. म्हणाली, "ही अक्षरं बदला. पार उजव्या अंगाची घेतलीत, डाव्या हाताला मनगट वळवावं लागतंय. अंगठ्याला नि पहिल्या दोन बोटांना जवळ पडतील तेवढीच घ्या. करंगळीला सारखं काम दिलं तर दुपारपतोर दुखती." करून बघितलं. अगदी बरोबर. हिला कसं कळतं कोण जाणे. हिने कधी की-बोर्डला हात लावलेला नाही.

रविवार, १४ डिसेंबर

रोज तीच पत्रिका करतो. घड्याळ पंकजाकडं. पहिल्या दिवशी एक तास दहा. मग अठ्ठेचाळीस मिनिटं, मग एकतीस. मध्ये एक दिवस परत पन्नास झाली, वैतागून की-बोर्ड ढकलून दिला होता. आज सव्वीस. गणपती सरळ.

पंकजा म्हणाली, "उद्या जायचं प्रेसला."

"त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलंय."

"तवा तुमी इचारलं न्हवतं. आता इचारून लावा."

सोमवार, १५ डिसेंबर

गेलो. भाऊ काउंटरला होते, प्रूफ नाकाला लावून वाचत होते. माझ्याकडं बघून चष्मा काढला.

"भाऊ, परवानगी मागायला आलोय. तोच प्रोग्राम टाकायचाय. खरा. तपासून."

"न्हाई."

"समोर तपासतो. अश्विनीलाच वाचू द्या."

भाऊ काही बोलायच्या आत अश्विनीने खुर्ची मागं घेतली. "बसा दादा." मी फाईल उतरवली, ओळ काढली आणि सरकलो. पानावरची ओळ ती वाचत होती, मी बोट ठेवत होतो. प्रेसमध्ये दोन पार्ट्या बसल्या होत्या, त्याही ऐकायला लागल्या. अर्ध्यावर भाऊंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः बोट ठेवायला लागले. "सी. हाय. सात. हाय. पुढं वाच."

जुळल्यावर ते म्हणाले, "आता दाखव." मेनूची फाईल घरून पेन ड्राइव्हवर आणली होती, ती टाकून मी पत्रिका केली. चोवीस मिनिटं. त्यांनी ती तीनदा वाचली, चूक सापडेना. "की-बोर्ड पावला म्हनायचा," एवढंच पुटपुटले आणि आत गेले. तो परत करायचा राहिलाय, हे आठवून मला लाज वाटली.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

मागच्या खोलीत माझ्यासाठी नवं टेबल आलं, वर नवं मशीन. रोज चारपाच कामं करतोय. बहुतेक वास्तुशांती, दुकानांची उद्घाटनं. मोठं काम भाऊ अजून अश्विनीलाच देतात. द्यावंच. मी तक्रार केलेली नाही.

पंकजाचा खांदा काही बरा होईना. आज डाव्या हाताने भाकरी थापत होती. पण गोल आली, टम्म फुगली. म्हटलं, नगरला दाखवू, दोन महिने झाले. म्हणाली, "बरं हाय आता. तुमचं झालं की माझंबी बरं होतंय."

गुरुवार, २२ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहिणार आहे.

अश्विनीचा नगरला पेपर होता, ती सुट्टीवर. दहा वाजता एक गृहस्थ आले. भीमराव नाव, थेट खर्ड्याहून. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. पत्रिका छापून झाल्या, वाटायला काढल्या, आणि मंगल कार्यालयाच्या विहिरीची कड ढासळली. कार्यालय बदललं, त्यासोबत तारीख एक दिवस पुढं गेली, वेळ बदलली. सगळ्या पत्रिका वाया. तिकडं कुणी आज द्यायला तयार नाही. शेवगावात त्यांचे व्याही, त्यांनी इकडं पाठवलं. चारच्या गाडीने पत्रिका घेऊनच परत जायचं होतं.

भाऊंनी कपाळाला हात लावला. "ऑपरेटर न्हाई वो आज. उद्या सकाळी..."

"मी आहे," मी म्हणालो.

भीमरावांनी माझ्या हाताकडं बघितलं. वाईट हेतू नव्हता, पण तोंडातून निघून गेलं, "ह्यांचा तर हातच..."

"मॅटर सांगा," मी म्हणालो.

ते माझ्या शेजारी बसले. खिशातून वहीचं पान काढलं. निमंत्रकांमध्येच त्रेचाळीस नावं, आजोळची, सासुरवाडीची, भावकीची. शिवाय वर बुद्धवंदना, डाव्या कोपऱ्यात बाबासाहेब, उजव्या कोपऱ्यात पंचशील ध्वज. माझा मेनू सगळा "श्रीकृपेकरून"वाला. क्षणभर हबकलो. मग मेनूची फाईल उघडली, त्यांच्यासमोरच एक नवी ओळ लिहिली, बौद्ध विवाह, त्याच्या आत वंदना, प्रतिमा, ध्वज, मजकूर. चार मिनिटं. स्वल्पविराम मोजून दिले.

टक्. वंदना आली. टक्. प्रतिमा. टक्. ध्वज. ते नावं सांगत गेले, मी टाइप करत गेलो. पंधराव्या नावाला ते कागदाकडं बघायचे थांबले आणि माझ्या करंगळीकडंच बघत बसले.

"ते बटन दाबल्यावर कोन आनून देतं वो हे सगळं?"

"मीच ठेवलंय तिथं."

दहा वीसला बसलो, दहा एकावन्नला प्रूफ काढलं. त्यांनी ओसरीवर बसून एकेक नाव बोट ठेवून वाचलं. एका आत्याच्या नावाशी थांबले. "रंगुबाई. ह्यांचं नाव मागल्या टायमाला त्यांनी रघुबाई करून टाकलं हुतं. तुमी बराबर केलं." सातशे प्रती तीन वाजता बांधून तयार. मध्ये दोन दशक्रिया आल्या, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका आली. चारही कामं साडेतीनला पुरी. जेवायला विसरलो. भाऊंनी स्वतःच्या डब्यातली चतकोर भाकरी माझ्या तोंडापुढं धरली, मी टाइप करता करता खाल्ली.

गाडीची वेळ झाली. भीमरावांनी गठ्ठा उचलला, परत खाली ठेवला. दोरा सैल करून वरची पत्रिका काढली, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?" सांगितलं. त्यांनी पत्रिकेवर ते लिहिलं. "पहिली तुमाला. सहकुटुंब यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

घरी येऊन पंकजाला ती पत्रिका दाखवली आणि दिवसभराचं सगळं सांगितलं.

रविवार, १ फेब्रुवारी

खर्ड्याला जाऊन आलो. बसमधून किल्ल्याचे बुरूज दिसले. मांडवात भीमरावांनी चार जणांना माझी ओळख करून दिली. "ह्यांनी आपली पत्रिका केली, एकतीस मिनिटात." त्यांनी मिनिटं मोजली होती, हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

अश्विनीनेही तिच्या मशीनवरचा फिंगरपोस्ट वापरायला घेतला. दोन हातांनी ती एक पत्रिका बारा मिनिटांत करते. मला चीड आली आणि अभिमानही वाटला, कुठलं जास्त ते सांगता येत नाही. भाऊंनी कामं वाटून दिली. मोठ्या मजकुराची, नावांची, अवघड जोडाक्षरांची माझ्याकडं. "ह्याच्याकडून आलेलं मी वाचत न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात. तरी वाचतात, मी बघितलंय.

इंगाचा निरोप आला. मी तिला मराठी मेनूचं चित्र पाठवलं होतं. तिने लिहिलं, "आतली नावं मराठी, पण माझ्या प्रोग्रामचे स्वतःचे शब्द इंग्रजीच. दोनशे बारा वाक्यं आहेत. तू करशील? घाई नाही."

शनिवार, २८ फेब्रुवारी

दोनशे बारापैकी एकशे नव्वद झाली. एकेका शब्दावर घरात आणि प्रेसमध्ये पंचायत बसते. "उघड" की "उघडा"? पंकजा म्हणाली, "मशीन आपल्याला अरेतुरे करतंय का? उघडा." बंद करताना प्रोग्राम विचारतो, त्याला मी लिहिलं, "आपली खात्री आहे का?" अश्विनी हसली. "कोर्टात उभं केल्यागत वाटतं दादा." आता लिहिलंय, "नक्की बंद करायचं?" आणि चूक झाल्यावरचं वाक्य तिघांनी मिळून केलं: "हे जमलं नाही. पुन्हा करून बघा."

बुधवार, १८ मार्च

नवी आवृत्ती आली. भाषांच्या यादीत मराठी. खाली भाषांतरकारांमध्ये माझं नाव आणि गावाचं नाव, शेवगाव. उद्या पाडवा, आणि एस्टोनियातल्या बाईला ते ठाऊकही नाही.

भाऊंनी ते पान छापून काढलं. नुसतं कसं लावायचं, म्हणून अश्विनीने भोवती लग्नपत्रिकेची सोनेरी बॉर्डर टाकली. काउंटरमागच्या भिंतीवर लावलंय. आज आलेल्या प्रत्येक पार्टीला भाऊंनी ते वाचून दाखवलं. एकाने विचारलं, "म्हंजी नोकरी लागली का फॉरेनला?" भाऊ म्हणाले, "ह्याला कशाला लागती? तिकडच्यांनाच ह्याची लागली."

रविवार, २२ मार्च

सकाळी इंगाच्या पानावर मराठीत एक प्रश्न दिसला. तिथं मराठी अक्षरं पहिल्यांदाच. मिरजेचा कुणी माणूस, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. "मेनू मराठीत दिसला म्हणून विचारतो. एका हाताने खरंच काम करता येतं का, की नुसतं म्हणायला? माझं टायपिंगचं दुकान आहे. होतं."

ते "होतं" वाचून मी पाटावरून उठलो तो थेट मशीनवर. नाश्ता तसाच. सगळं लिहिलं. चालतं, नुसतं म्हणायला नाही. फाईल कुठून घ्यायची, कुठून अजिबात नाही. चौसष्ट अक्षरं घरातल्या कुणाला तरी वाचायला लावा, एकट्याने करू नका. सहीखालच्या इशाऱ्याला घाबरू नका. मेनूचं बटण तुमच्या अधू हाताजवळचं घ्या, त्याला काम द्या. पहिल्या पत्रिकेला पावणेतीन तास लागले तरी पुसू नका. माझा नंबर दिला. पाठवून टाकलं, आणि मग लक्षात आलं, पान इंगाचं आणि मी दोन पानं मराठी लिहिलंय. बिचारीला त्यातलं काही कळायचं नाही.

दुपारी त्याखाली तिची ओळ आली. फोनने ती मराठी करून दिली:

"मला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही. पण अकरा वर्षांत या पानावर कुणी कुणाला इतकं लांब उत्तर दिलेलं नाही."